आजोबांकडे जाऊन आलो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या इथल्या मंडळात गणपतीच्या वर्गणीपासून दिवाळी फराळाच्या ऑर्डरीपर्यंत सगळीकडे माझी लुडबुड असते. त्यामुळे कधी ना कधी कुणाला तरी कळतंच, की चोवीस डिसेंबरला, घरी पाहुणे असोत नसोत, मी दुपारी साडेतीनला गाडी काढते आणि टोरांटोच्या उत्तरेला एका ख्रिस्ती दफनभूमीत मेणबत्ती लावून येते. मग प्रश्न ठरलेला: "तुमचं कोण आहे तिथे?" एका काकूंनी तर बाजूला घेऊन विचारलं होतं, "अगं, बाटलीस की काय?"

तिथे आमची घरमालकीण आहे.

१९९९ च्या जानेवारीत आम्ही दोघं सांगलीहून थेट इथे येऊन धडकलो. तळघरातल्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या, वर मालकीण एकटीच, वय त्र्याहत्तर. पहिल्याच दिवशी मी "मिसेस अमुक" म्हणून हाक मारली तर म्हणाल्या, "इतकं लांब कशाला? वानाएमा म्हण." एस्टोनियन भाषेत वाना म्हणजे म्हातारी, एमा म्हणजे आई. मला ते जमेना, मी सरळ "आजी" म्हणायला लागले. शेवटपर्यंत तेच चाललं.

एस्टोनिया कुठे आहे हे मला नकाशात बघावं लागलं होतं. फिनलंडच्या खाली, समुद्राच्या अलीकडे, आपल्या दोन-चार जिल्ह्यांएवढा देश. आजींचा जन्म १९२६ चा, हाप्सालू गावाजवळच्या शेतावर. जून १९४० मध्ये रशियन सैन्य आत आलं. पुढच्या वर्षी १४ जूनला दहा हजारांच्या आसपास माणसं घरांतून उचलून गुरांच्या डब्यांतून पूर्वेकडे नेली. स्टेशनवरच पुरुष वेगळे काढले, बायका-मुलं वेगळी. आजींचं घर त्या यादीतून सुटलं, पण उन्हाळ्यात तरुण पोरांना लाल सैन्यात भरती करून नेलं, त्यात त्यांचा थोरला भाऊ गेला. मग तीन वर्षं जर्मन. सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मन मागे हटले आणि रशियन पुन्हा येणार हे पक्कं झालं, तेव्हा जो तो किनाऱ्याकडे निघाला. अकरा लाखांच्या देशातून सत्तर हजारांहून जास्त माणसं त्या काळात बाहेर पडली. कुणी जर्मनीत, कुणी मच्छीमारांच्या होड्यांतून स्वीडनला.

आजी पुइसेच्या किनाऱ्यावरून निघाल्या, मावशीबरोबर. आई आली नाही. किनाऱ्यापर्यंत पोचवायला आली आणि म्हणाली, "तो परत आला आणि दाराला कुलूप असलं तर?"

होडी वीस माणसांची, बसली पन्नासावर. दोन रात्री पाण्यात काढल्या. या प्रवासाबद्दल आजी फार बोलायच्या नाहीत. एकदा एवढंच म्हणाल्या, की अर्ध्या वाटेत इंजिन बंद पडलं तेव्हा कुणीतरी त्यांच्या ख्रिस्ती पंथाच्या मार्टिन ल्यूथरचं भजन सुरू केलं आणि नावाड्याने ओरडून सगळ्यांना गप्प केलं, कारण पाण्यावर आवाज लांब जातो. "म्हणून मी ते मनात म्हटलं. मनात म्हणायची सवय तिथे लागली."

स्वीडनमध्ये चार वर्षं शिवणकाम केलं. पण स्वीडनने रशियाचा कब्जा मान्य करून टाकला होता, आणि जानेवारी १९४६ मध्ये जर्मन सैन्यातून लढलेल्या १४६ बाल्टिक (एस्टोनिया आणि शेजारच्या देशांतल्या) सैनिकांना रशियाच्या हवाली केलं. तेव्हापासून निर्वासितांची झोप उडाली. आज सैनिक, उद्या आपण. लोकांनी वर्गण्या काढून जुन्या होड्या विकत घ्यायला सुरुवात केली. त्यातली 'वॉलनट' नावाची, एके काळी समुद्रातले सुरुंग काढणारी बोट, ३४७ माणसं कोंबून डिसेंबर १९४८ मध्ये हॅलिफॅक्सला लागली. व्हिसा कुणाकडेच नव्हता. कॅनडाने आधी त्यांना अडकवून ठेवलं, मग ठेवून घेतलं. पुढच्या वर्षी अशाच एका बोटीने आजी आल्या. टोरांटोत स्पडायना रस्त्यावर कपड्यांच्या कारखान्यात लागल्या, तिथूनच निवृत्त झाल्या. मधल्या काळात लग्न, नवराही एस्टोनियन, मूलबाळ नाही. १९८७ मध्ये नवरा गेला.

आता तुमच्या प्रश्नाच्या जवळ येते.

आजींच्या चर्चमधले लोक त्यांच्याबद्दल बोलताना 'फेथ' हा शब्द फार वापरायचे. त्यांची श्रद्धा अढळ वगैरे. मी रोज बघत होते, मला ती श्रद्धा वाटायची नाही. मला तो नेम वाटायचा. माझी स्वतःची आजी एकादशी करायची तसा. पोटात दुखतंय, घरात लग्न आहे, पाऊस कोसळतोय, एकादशी आहे म्हणजे आहे. या आजींचा रविवार तसा होता. २४ फेब्रुवारी तसा होता: १९१८ मध्ये त्या दिवशी त्यांचा देश स्वतंत्र झाला म्हणून सकाळी सातला खिडकीत निळा-काळा-पांढरा झेंडा. तिकडे तो घरात सापडला तरी तुरुंग होता, इकडे रस्त्यावरच्या कुणाला तो कशाचा हे ठाऊक नव्हतं. तरी पन्नास वर्षं तो लागत होता. ब्रेडचा तुकडा खाली पडला तर उचलून त्याची पापी घेऊन मगच खायच्या. "भाकरी आपल्यापेक्षा वयाने मोठी," असं त्यांच्याकडे म्हणतात. आणि जेवायला बसलेल्याला म्हणायचं, "यॅत्कु लेइबा", म्हणजे तुझी भाकरी पुरो.

एकदा त्यांनी मला 'कामा' दाखवलं. जव, राय, ओट आणि वाटाणे भाजून दळलेलं पीठ, ताकात कालवून खायचं. मी खाली गेले आणि आईने पाठवलेल्या सातूच्या पिठाचा डबा घेऊन आले. आजींनी चिमूटभर तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "यात साखर कुणी घातली? बाकी बरोबर आहे." पुढची चौदा वर्षं सांगलीहून सातूचं पीठ आलं की निम्मं बिनसाखरेचं असायचं.

एकदा मी धीर करून विचारलं, "आजी, तुमचा देवावर विश्वास आहे?" शिवत होत्या. दोरा तोडून म्हणाल्या, "रोज नाही."

एका वर्षी डिसेंबरात बर्फ पडून त्यावर पाऊस झाला होता, सगळं निसरडं. चोवीसला दुपारी आजी खाली आल्या: "हात धरायला येशील का?" दफनभूमीत नवऱ्याच्या दगडापाशी त्या गुडघ्यावर बसल्या. हातमोज्याने बर्फ उकरून खड्डा केला, वाऱ्याच्या बाजूला बर्फाचीच भिंत थापली, कॉफीच्या रिकाम्या डब्यात जाडी मेणबत्ती ठेवून डबा त्यात बसवला. काडी तिसऱ्या वेळी पेटली. उठल्यावर मी आजूबाजूला पाहिलं, तर अंधार पडत होता आणि त्या भागातल्या कितीतरी दगडांपाशी असेच लहान लहान दिवे. आपल्याकडे दिवाळीत नदीकाठी पाणी हलतं तसं ते सगळं हलत होतं.

परत आल्यावर आजींनी पत्रांची पेटी काढली. स्टालिन गेल्यावर काही वर्षांनी तिकडून पत्रं यायला लागली होती. तिकडचे अधिकारी ती उघडून वाचूनच पुढे सोडत, त्यामुळे आई हवापाणी आणि गाई-बटाट्यांपलीकडे लिहीत नसे. नाताळ तिकडे सरकारी कॅलेंडरातून गायब, झाड सजवायचं ते नव्या वर्षाचं म्हणून. पण दर जानेवारीच्या पत्रात एक ओळ असायची. आजींनी बोट ठेवून वाचून दाखवली: "२४ तारखेला आम्ही आजोबांकडे जाऊन आलो. वारा नव्हता."

आजींचे आजोबा १९३१ मध्येच वारले होते. वारा नव्हता म्हणजे ज्योत टिकली.

"आम्ही" म्हणजे आई आणि भाऊ. हो, भाऊ परत आला होता, युद्ध संपल्यावर, आणि दाराला कुलूप नव्हतं. आईचं खरं ठरलं. आईची भेट मात्र झाली नाही. ती १९७१ मध्ये गेली.

देश १९९१ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाला आणि दोन वर्षांनी आजी जाऊन आल्या. ही गोष्ट त्या सांगायच्या तेव्हा आवाज चढायचा. गावच्या चर्चमध्ये रविवारी दहा म्हाताऱ्या. चाळीस वर्षांच्या भाच्याला 'आमच्या बापा' प्रार्थना येत नव्हती. १९३४ च्या शिरगणतीत त्या देशात शंभरातले ७८ जण लुथरन, म्हणजे त्या ल्यूथरच्या पंथाचे, होते. २०२१ मध्ये जेमतेम ८ उरले. यांनी इकडे उसन्या चर्चांत सभा भरवून, पोरांना उन्हाळी शिबिरांत भाषा शिकवून जे सांभाळलं, ते द्यायला तिकडे गेल्या, तर घेणारा हात खिशात. त्यातून तिथल्या पाद्र्यांनी सरकारशी जुळवून घेतलं हा इकडच्यांचा जुना राग. एकाच नावाची दोन चर्चं होती, एक देशातलं, एक परागंदा. ती एकत्र यायला २०१० उजाडलं. आजींना ते पटलं नव्हतं. मला तो राग थोडा अन्यायाचा वाटायचा. राहिलेल्यांनी काय काय गिळलं असेल, ते आपण काय सांगणार? पण मी बोलले नाही. मीही सोडून आलेलीच.

तोच भाचा मात्र दर चोवीसला आजीच्या, म्हणजे आजींच्या आईच्या, कबरीवर न चुकता जायचा. आजींचं त्याच्याबद्दलचं मत माझ्या मराठीत असं: "देव मानत नाही, पण वात चुकवत नाही." हे त्या कुरकुरत म्हणायच्या, पण म्हणायच्या.

२०१३ च्या ऑक्टोबरात आजी गेल्या. त्यांच्या इथल्या ओळखीची माणसं आधीच त्याच दफनभूमीत पोचली होती. डिसेंबर आला तेव्हा मला कुणी काही सांगितलं नव्हतं. साडेतीन वाजले आणि मी कॉफीचा डबा शोधायला लागले.

भाच्याचा नंबर आजींच्या वहीत होता. त्याचं इंग्रजी बेताचं, माझं एस्टोनियन "यॅत्कु लेइबा"पुरतं. म्हणून मी दरवर्षी त्याला दोनच ओळी पाठवते. तिकडे तोवर मध्यरात्र होत आलेली असते, तरी तो वाट बघत असावा, कारण उत्तर लगेच येतं. गेल्या वर्षीच्या माझ्या ओळी: "आजींकडे जाऊन आले. वारा फार होता, दोनदा विझली." त्याने लिहिलं, "आमच्याकडे नव्हता."