चांदावरचा ठिपका

पौषातली पुनव. शेतीपंपाची थ्री फेज लाइट या आठवड्यात रात्रीची, म्हणून हरभऱ्यावर स्प्रिंकलर लावून मी आणि पुतण्या बांधावर कुडकुडत बसलो होतो. त्याच्याजवळ माळेगावच्या जत्रेतून आणलेली हिरवी लेझर. ती आधी लिंबाच्या शेंड्यावर फिरली, मग शेजारच्या आखाड्यावरचं कुत्रं पिसाळेपर्यंत त्याच्या अंगणात, आणि शेवटी थेट चांदावर.

"काका, पोचायलाय का ठिपका?"

पोचतो, म्हटलं. सव्वा सेकंदात. जाईस्तोवर शेकडो किलोमीटर पसरतो, त्यामुळं कुणाला दिसणार नाही, ते वेगळं.

"मग मनगट हलवलं की अख्खा चांद ओलांडतो?"

इथं मी अडकलो. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, पण आभाळात त्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश. तेवढं हलायला मनगटाला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. म्हणजे ठिपक्याचा वेग सेकंदाला जवळपास साडेतीन लाख किलोमीटर! प्रकाशाचा २,९९,७९२. प्रकाशाहून वेगानं काहीच धावत नाही, हा आइन्स्टाइननं १९०५ साली आखलेला बांध जत्रेतल्या खेळण्यानं कोरला की काय?

उत्तर समोरच चकचक करत फिरत होतं. स्प्रिंकलरचं पाणी पडायची जागा हरभऱ्यावरून गोल पळते, पण पळणारा थेंब एकही नाही. प्रत्येक थेंब नोझलमधून सुटतो तो सरळ आपल्या वाटेनं जातो. ठिपक्याचंही तेच. दर क्षणाला नवा प्रकाश नव्या जागी उतरतो. ठिपका एकच, असं आपणच धरून चालतो. हजेरीला एकाच नावावर दर वेळी वेगळ्या पोरानं 'हजर' म्हणावं, तसं. चांदाच्या या कडेचा माणूस त्या कडेला ठिपक्याबरोबर निरोप धाडू शकत नाही. दोघांनाही निरोप जायचा तो आमच्या बांधावरूनच, आणि तो प्रकाशाच्याच चालीनं.

पोरगं हटेना. "चांदापर्यंत लांब पहार केली अन् इकडून ढोसलं तर?"

तिथं तर फजितीच. ढोसणं पोलादातून आवाजाच्या वेगानं सरकतं, सेकंदाला पाचेक किलोमीटर. आत्ता ढोसलं तर पहारेचं ते टोक उद्या रात्री हलेल.

तेवढ्यात लाइट गेली. नोझल थांबलं, तरी हवेतले थेंब तडतड करत हरभऱ्यावर पडलेच. पुतण्यानं लेझर बंद केली आणि वर बघत म्हणाला, "तिथं आणखी चालूच असंल, नाही का?"