अक्षरी

रविवारी जेवण झाल्यावर भाचीने विचारलं, "मामा, एकपासून दोन हजारपर्यंतचे सगळे आकडे गुणले तर किती होतील?"

पेंग येत होती, पण मामाच्या अब्रूचा प्रश्न. लॅपटॉप उघडून पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला कामाला लावलं. गुणाकार चुटकीसरशी झाला. छापायला सांगितलं, तर साफ नकार! ४३००पेक्षा जास्त अंक लिहून मिळणार नाहीत. म्हणजे उत्तर पोटात आहे, पण ओठावर येत नाही.

ही मर्यादा २०२२च्या सप्टेंबरात आली. कुणी अगडबंब आकडे पाठवून सर्व्हरला घाम फोडू नये म्हणून. आत सगळा कारभार दोनाच्या पायावर, आपल्याला आकडा हवा दशमानात. मग बसा दहाने भागत. अंक दुप्पट झाले की वेळ चौपट. हाच आकडा हेक्समध्ये, म्हणजे दोनाच्याच कुळातल्या सोळाच्या पायावर मागा, बिनतक्रार देतो.

दहाने भागलं की बाकी उरते ती एकंची. शेवटचा अंक आधी हातात येतो, मग सगळी रांग उलटी करायची.

आजोबांनी एकदा बँकेची स्लिप माझ्याकडून भरून घेतली होती. ते बोलले, "तेवीसशे सत्तेचाळीस." मी 'अक्षरी'च्या रेघेवर झोकात लिहिलं, पुढे 'फक्त'सुद्धा. चौकटीत मात्र २३७४. 'सत्ते' आधी ऐकू आलं, सात आधी लिहिला. आजोबा काही बोलले नाहीत. नवी स्लिप घेतली आणि पेनाचं टोपण दातांत धरून स्वतःच भरली.

२०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं, तेव्हा तावातावाने भांडणाऱ्यांत मी होतो. ही स्लिप कुणाला सांगितली नव्हती.

असो. मर्यादा काढून टाकता येते, काढली. ५७३६ अंक पडद्यावर सांडले.

"आता वाचून दाखव," भाची म्हणाली.

वाचायचं तर उजवीकडून घरं मोजणं आलं. बोट टेकवून सुरुवात केली. एकं, दहं, शतं... अब्ज, खर्व, निखर्व... सगळी शून्यंच. अठराव्या घरात परार्ध आला आणि माझ्याकडची नावं संपली. शून्यं अजून ४८१ शिल्लक होती.