पाळी, टाइट्स आणि तालीम

नाचणाऱ्या मुलीला पाळीत सगळ्यात आधी नडतो तो पॅड. एरवी गुपचूप जागेवर राहणारा पॅड स्प्लिटमध्ये चुरगळून एका बाजूला सरकतो, लिओटार्डच्या, म्हणजे नाचताना घालायच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखाच्या, कडेतून त्याचे विंग्ज डोकावतात आणि जांघेत इतकं घासतं की दुसऱ्या दिवशी पाय उघडायलाही नको वाटतं. मी कित्येक वर्षं दोन पँटी आणि वर काळी शॉर्ट्स असा बंदोबस्त करून नाचायचे. डाग क्वचितच पडायचा, पण आरशात मी स्वतःची मागची बाजूच बघत असायचे आणि फ्लोअरवर्क, म्हणजे जमिनीवर बसून-लोळून करायचा नाच, आला की मागची रांग गाठायचे.

टॅम्पॉन, म्हणजे योनीत घालायचा शोषक बोळा, वापरून पाहिला. नाचताना तो जाणवत नाही, पण चार ते आठ तासांत बदलावाच लागतो. जास्त वेळ राहिला तर टॉक्सिक शॉक सिंड्रोम या दुर्मीळ पण गंभीर आजाराचा धोका वाढतो. लांबलेल्या तालमीत घड्याळ बघत नाचणं मला जमेना. मग एका मैत्रिणीने मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे योनीत घडी करून घालायचा आणि रक्त साठवणारा मऊ कप, सुचवला आणि बजावलं, "शोच्या दिवशी पहिल्यांदा घालू नकोस हं." या सगळ्यात मला मिळालेला सर्वांत कामाचा सल्ला हाच.

कपाचीही तालीमच करावी लागली. सुरुवात सुट्टीच्या दिवशी, घरात. सी आकाराची घडी माझ्या बोटांतून सुटायची. कडेचा एक बिंदू आत दाबून केलेली घडी टोकाला निमुळती होते, ती जमली. आत गेल्यावर कप पूर्ण उघडलाय का, हे बोट फिरवून बघायचं. खळगा लागला तर तिथून गळणार हे नक्की. काढताना मात्र घाम फुटला. आम्हा नाचणाऱ्यांना ओटीपोट आवळून धरायची इतकी सवय, की सैल सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही. उकिडवं बसून सावकाश श्वास सोडला, कपाच्या तळाची दांडी ओढण्याऐवजी तळच चिमटीत दाबून आतली हवेची पकड सोडवली, तेव्हा कप बाहेर आला. गुडघे वाकवून खाली गेलं की दांडी टोचायची, म्हणून ती थोडी थोडी कापत आणली. गर्भाशयात तांबी असेल तर कप सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. ओढताना तांबी सरकू शकते.

मग कप घालून साधा क्लास केला, पुढच्या पाळीत उड्या आणि शेवटी फ्लोअरवर्क. आत रक्त शोषणारी पीरियड पँटी होतीच. आता बहुतेक कप बारा तासांपर्यंत चालतात, त्यामुळे मेकअपच्या आधी घातला की शो संपेपर्यंत मी त्याचा विचारही करत नाही. पाळीत डोक्यावर उभं राहू नये असं खूप जणी सांगतात. डॉक्टरांना विचारलं, तर त्याने अपाय होतो असा पुरावा नाही म्हणाल्या. थोडं रक्त गर्भनलिकांमधून मागे जाणं बहुतेक बायकांमध्ये तसंही घडतंच.

दुखण्याची गोष्ट वेगळी. मी गोळी अगदी असह्य झाल्यावरच घ्यायचे. पण कळा येतात त्या गर्भाशयात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनामुळे आणि आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अॅसिड ते तयार होणंच कमी करतं. म्हणून कळांची चाहूल लागताच, काहीतरी खाऊन गोळी घ्यायची. अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. एक गोष्ट नाचणारीनेच लक्षात ठेवायची: ही गोळी घोट्याचं दुखणंही झाकते. त्या दिवशी जुन्या दुखापतीवर जोर द्यायचा नाही. शेकायची पिशवी क्लासआधी. घट्ट लिओटार्डखाली गरम पट्टी दाबून ठेवली तर भाजू शकतं.

नाच शिकवणाऱ्या ताईंना पाळीचं सांगायला मी उगीच लाजत होते. सांगितल्यावर त्यांनी उड्या क्लासच्या शेवटी घेतल्या, बस्स. उचलून घेणाऱ्या जोडीदाराला मात्र स्पष्ट सांगावं लागतं की हात पोटावर नको, कमरेच्या हाडावर धर.

यापेक्षा गंभीर होतं ते पाळी न येणं. शोंच्या गर्दीत माझी पाळी थांबली आणि ड्रेसिंग रूममध्ये मैत्रिणी चक्क "सुटलीस" म्हणाल्या. तीन महिने पाळी आली नाही की डॉक्टरांकडे जायचंच असतं. गरोदरपण, थायरॉइड वगैरे शक्यता तपासून झाल्यावर कारण निघालं खाण्याचं: शरीर जेवढं खर्च करत होतं तेवढं मी त्याला देतच नव्हते. अशा वेळी मेंदू पाळीची संप्रेरकं आवरती घेतो, इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. पायाच्या हाडांना बारीक तडे जातात ते यातूनही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला रेड-एस (रिलेटिव्ह एनर्जी डेफिशिअन्सी इन स्पोर्ट, म्हणजे खेळाडूंच्या शरीराला पडणारी ऊर्जेची तूट) हे नाव दिलं. गर्भनिरोधक गोळीने महिन्याला रक्तस्राव होतो, पण मूळ बिघाड तसाच राहतो, म्हणून मला ती दिली नाही. क्लासच्या आधी आणि नंतर लगेच खायचं, उड्या काही काळ कमी, एवढंच सांगितलं. पाळी परत यायला बरेच महिने लागले.