आमची वाटचाल : सेल्फ-डायनॅमोपासून सबवूफरपर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. सेल्फ, डायनॅमो, पुढे अल्टरनेटर, हॉर्न-लाइटचं वायरिंग. ऑडिओला त्यांनी कधी हात लावला नाही. तरीही सबवूफर, म्हणजे खोल बास वाजवणारा मोठा स्पीकर, बसवायला आलेल्या गाडीचं आम्ही आधी बोनेट उघडतो आणि मग डिकी, ही शिस्त त्यांचीच. अल्टरनेटर किती अँपिअर देतो, त्यातले गाडीला लागून उरतात किती, हे बघितल्याशिवाय अ‍ॅम्पचा (अ‍ॅम्प्लिफायरचा, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या डब्याचा) विषयच काढायचा नाही.

सुमो, मग क्वालिस आणि स्कॉर्पिओ आल्या, तशी टुरिस्टवाली मंडळी डेक-वूफरसाठी आमच्याकडे यायला लागली. तेव्हाचे अ‍ॅम्प जवळजवळ सगळे क्लास एबी या जुन्या रचनेचे. उचलायला जड, अंगभर अ‍ॅल्युमिनियमचा, उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक. आत बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवून देणारा पॉवर सप्लाय, त्यावर बहुतेक वेळा टीएल ४९४ ही आयसी आणि आयआरएफझेड ४४ मॉस्फेटची, म्हणजे ट्रान्झिस्टरची, रांग. जळाला तर पार्ट सुटा काढून नवा लावता यायचा. इथे मिळाला नाही तर पुण्याला बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास हमखास मिळे. विक्रीपेक्षा या दुरुस्तीवरच आमचं दुकान उभं राहिलं, आणि जुन्या अ‍ॅम्पबद्दलचा माझा आदर तिथूनच आला.

पण सबवूफरचा प्रश्न आला की मी नव्या क्लास डी रचनेच्या बाजूने उभा राहतो. एबीमध्ये आउटपुटचे ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहून काम करतात, उरलेला व्होल्टेज त्यांच्याच अंगावर पडतो आणि त्याची उष्णता होते. डीमध्ये मॉस्फेट एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद. हे चालू-बंद सेकंदाला हजारो वेळा होतं आणि पुढे कॉइल व कपॅसिटर त्यातून गाण्याचा सिग्नल गाळून घेतात. सुरुवातीचे डी अ‍ॅम्प वरच्या सुरांना कोरडे वाटायचे, ती तक्रार खरी होती. पण सबवूफरला ८० हर्ट्झच्या खालचंच वाजवायचं असतं, तिथे ती उणीव आड येत नाही.

आता करंटचा हिशोब. सबवूफरला खरे ५०० वॅट आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे, द्यायचे आहेत. एबी अ‍ॅम्पची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर बॅटरीकडून ९०० वॅटच्या वर ओढावे लागतात, म्हणजे १३.८ व्होल्टला साधारण ६६ अँपिअर. डी अ‍ॅम्पची ८५ टक्के धरली तर ४३. छोट्या गाडीत एसी आणि हेडलाइट चालू असताना हे वरचे २३ अँपिअर आणायचे कुठून? बासच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होतात ते यामुळेच. गिऱ्हाइकाला पटत नसेल तर पॉवर वायरला क्लॅम्प मीटर लावून तोच टोन दोन्ही अ‍ॅम्पवर वाजवून दाखवतो.

आमच्या धंद्यात सर्वांत जास्त फसवणूक खोक्यावरच्या आकड्यात होते. ‘२००० वॅट’ छापलेला एक अ‍ॅम्प परवा आला, फ्यूज ३० अँपिअरचा. ३० गुणिले १४.४, म्हणजे बॅटरीकडून सलग घेणारच जेमतेम ४३२ वॅट. तो एबी होता, तेव्हा स्पीकरला सव्वादोनशे-अडीचशेच पोचणार. अमेरिकेत २००३ मध्ये सीईए-२००६ (२००६ हा क्रमांक, साल नव्हे) हे मानक आलं: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, आवाजात एक टक्क्याच्या आत विकृती (डिस्टॉर्शन), आणि त्यावर मिळेल तीच पॉवर छापायची. चांगल्या कंपन्या ते पाळतात. बाकीच्यांचे अ‍ॅम्प आम्ही बाकावर डमी लोड (स्पीकरऐवजी रेझिस्टर) आणि सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावून मोजतो आणि मोजलेला आकडाच बिलावर लिहितो. ऑसिलोस्कोप घेतला तेव्हा कर्ज काढावं लागलं होतं. दुकानासाठी केलेला सर्वांत चांगला खर्च तोच, असं मी आजही म्हणतो.

सगळेच जुने अ‍ॅम्प असे फुगवलेले नव्हते, उलट उदाहरणंही आहेत. कार ऑडिओच्या स्पर्धांचे गट छापील वॅटवर पडायचे त्या काळातला ओरायन कंपनीचा २२५ एचसीसीए बघा. ४ ओहमला चॅनेलमागे फक्त २५ वॅट लिहिलेले, पण अर्ध्या ओहमपर्यंत लोड खाली आणला तर त्याच्या कितीतरी पट ताकद द्यायचा. अर्थात करंटही त्याच पटीत खायचा.

दुरुस्तीत मात्र जुना अ‍ॅम्प पुढे आहे. नव्यात बोर्डाच्या पृष्ठभागावरच डाग दिलेले बारीक एसएमडी पार्ट, खच्चून भरलेला बोर्ड, मॉस्फेट चालवणारी ड्रायव्हर आयसी गेली तर सोबत मॉस्फेटही घेऊन जाते. माझा भाचा आता रिवर्क स्टेशनवर (असे पार्ट गरम करून काढण्या-लावण्याच्या यंत्रावर) ही कामं करतो, त्याचा हात फार सफाईदार आहे. तरी काही बोर्ड दुरुस्त होत नाहीत, आणि ते आम्ही विकतानाच सांगतो.

अलीकडच्या गाड्यांनी कामाची पद्धतच बदलली. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर अल्टरनेटरचा व्होल्टेज वरखाली करतो आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजणारा सेन्सर असतो. अ‍ॅम्पची अर्थिंग थेट त्या टर्मिनलला दिली तर कॉम्प्युटरचा हिशोब चुकतो. म्हणून आम्ही रंग खरवडून बॉडीच्या पत्र्यालाच घट्ट बोल्ट करतो. कंपनीच्या स्टिरिओला आरसीए (सिग्नल बाहेर देणारं सॉकेट) नसेल तर स्पीकरच्या वायरवरून सिग्नल घेणारा अ‍ॅम्प निवडतो, तोही कपलर लावून, मूळ वायर न कापता.

जुना चांगला एबी अ‍ॅम्प असेल तर टाकून देऊ नका. त्याचे वाळलेले कपॅसिटर १०५ डिग्रीवाले घालून बदलतो, हीटसिंकखालची पेस्ट नवी लावतो आणि तो पुढच्या दारांच्या स्पीकरना देतो. सबवूफरला वेगळा मोनो (एकाच चॅनेलचा) क्लास डी. येताना सबवूफरच्या व्हॉइस कॉइल किती आणि किती ओहमच्या, एवढं बघून या, म्हणजे जोडणी एक ओहमची करायची, दोनची की चारची, ते आधीच ठरवता येतं.