भट्टी गेला त्या सकाळी

25 ऑक्टोबर 2012. दसऱ्याचा दुसरा दिवस, दारावरचं झेंडूचं तोरण अजून ताजं होतं. टीव्हीवर खाली पट्टी धावली: जसपाल भट्टी यांचं अपघाती निधन. पंजाबात, जालंधरजवळ. काका चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "आमचा माणूस गेला रे."

1989 मध्ये दूरदर्शनवर भट्टीची विनोदी मालिका 'फ्लॉप शो' लागायची. गोव्यात, फोंड्याच्या आमच्या घरी अँटेना कौलांवर होता, वारा सुटला की मी वर आणि काका खिडकीतून "थोडो उजवीकडे!" पीएचडीच्या भागात गाईड विद्यार्थ्याला घरगड्यासारखा राबवतो, तो पाहताना सगळे हसले, काका सोडून. तेही तेव्हा पीएचडी करत होते, आणि दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून गाईडांच्या घरी नुस्तें, म्हणजे मासे, पोचवत होते. विसवण, म्हणजे सुरमई, नसला तर चॅप्टर परत यायचा! (काकांची पीएचडी झाली, पण विसवण ते आजही खात नाहीत.)

भट्टी शिकलेला इलेक्ट्रिकल इंजिनियर. विजेच्या टंचाईवरचा त्याचा 'पॉवर कट' सिनेमा दुसऱ्याच दिवशी लागायचा होता, त्याच्याच प्रचाराला तो निघालेला.

संध्याकाळी काका जुन्या भागांची सीडी शोधत बसले. सापडली, लावली, आणि दहा मिनिटांत वीज गेली. अंधारात पहिल्यांदा काकाच हसले.