शिवाजी पार्कवर पळणाऱ्या भाच्यासाठी, कोलोरॅडोहून

परळला राहणारा माझा भाचा पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती फेऱ्या मारतो आणि घामाघूम अवस्थेतच मला व्हिडिओ कॉल लावतो. इथे कोलोरॅडो स्प्रिंग्जला तेव्हा आदली संध्याकाळ असते. परवा म्हणाला, "मामा, अविनाश साबळे तुझ्याच गावात सरावाला होता ना? रोज किती जोरात पळायचा रे?"

कॉलवर उत्तर पुरं झालं नाही. त्याच्यासारखी कितीतरी पोरं १६०० मीटरसाठी जीव काढत असतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

अडथळ्यांच्या शर्यतीचा धावपटू साबळे बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. शाळा सहा किलोमीटरवर, मग कधी चालत, कधी पळत. बारावीनंतर तो सैन्यात गेला, घराला हातभार लागावा म्हणून. ५ महार या पलटणीत असताना सियाचीनलाही ड्युटी केली. शर्यती आल्या त्यानंतर, २०१५ च्या सुमारास क्रॉस कंट्रीतून, म्हणजे मैदानाबाहेर माळरानावरच्या लांब शर्यतींतून. मध्ये दुखापत झाली, वजन वाढलं. प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली ते उतरवलं आणि मग स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत धरली. तीन हजार मीटर, २८ अडथळे, ७ वेळा पाण्यावरून उडी. अडथळा पायाने पडत नाही, पडतो तो माणूस.

२०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ८:२९.८० (८ मिनिटं २९.८० सेकंद) वेळ देऊन गोपाळ सैनी यांचा १९८१ चा विक्रम मोडला. पुढची काही वर्षं तो स्वतःचेच विक्रम मोडत राहिला, कारण देशात त्याच्या बरोबरीने पळणारं कुणी नव्हतं. लढत घड्याळाशी. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तर ८:१८.१२ असा नवा राष्ट्रीय विक्रम केला, तरी अंतिम फेरी हुकली. माझ्या मते त्याची खरी कलाटणी इथे आहे. विक्रम पुरेसा नाही, हे त्याहून स्पष्ट कोण सांगणार?

२०२२ मध्ये तो इथे आला, प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्याकडे. हे गाव १८०० मीटरहून उंचावर आहे. मुंबईच्या तुलनेत श्वासागणिक मिळणारा प्राणवायू साधारण पाचव्या हिश्श्याने कमी. मुंबईहून नवीन आलो तेव्हा मला दोन मजले चढून धाप लागायची. शरीर त्यावर उपाय म्हणून तांबड्या पेशी वाढवतं, पण त्याला आठवडे लागतात. इथली मातीची पायवाट बघितली की भाच्याला काय सांगायचं ते कळतं: चांगले धावपटू सोप्या दिवशी इतके सावकाश जातात की आपसात गप्पा चालू असतात. जोर ठरलेल्या दिवशीच. अशा हवेत रोज छाती फुटेस्तोवर पळालं तर माणूस आठवड्यात आजारी पडेल.

त्या मे महिन्यात अमेरिकेतच त्याने ५००० मीटरचा, बहादूर प्रसाद यांचा १९९२ पासूनचा विक्रम मोडला. जुलैत अमेरिकेतल्याच युजीनला जागतिक स्पर्धेतली स्टीपलचेसची अंतिम शर्यत संथ झाली, तो अकरावा आला. आणि ६ ऑगस्टला बर्मिंगहॅम! राष्ट्रकुल स्पर्धांत १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाने नेलेली. साबळे त्यांच्या घोळक्यात घुसला, मागे राहिला नाही. पहिला केनियाचा अब्राहम किबिवोट ८:११.१५, दुसरा साबळे ८:११.२०. तो शेवटचा सरळ पट्टा मी आजही परत परत बघतो, आणि दर वेळी अंगावर काटा येतो. या शर्यतीत घड्याळाचं भान कुठेच दिसत नाही, पुढच्या माणसाला गाठायचं एवढंच.

पुढे २०२३ ला हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ ला डायमंड लीग या आंतरराष्ट्रीय मालिकेच्या पॅरिसच्या शर्यतीत ८:०९.९१ आणि त्याच शहरात ऑलिम्पिकची अंतिम फेरी.

भाच्या, नोकरीसाठी पळतोयस याची लाज वाटू देऊ नकोस, त्यानेही सुरुवात तिथूनच केली. तूर्तास मंगळवार आणि शुक्रवार जोरात पळ. बाकीचे दिवस शेजारच्याशी बोलता येईल इतकंच. आणि रविवारी झोप काढ, आईला सांगतो मी.