जर्मनीत शिकायला येणाऱ्या बेळगावच्या पोरापोरींसाठी: लेटरबॉक्सवरचं नाव आणि त्यामागून येणारं सगळं

बेळगावात पत्ता सांगताना घर नंबर सगळ्यात शेवटी येतो. आधी गल्ली, मग देऊळ, मग कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, आणि एवढ्यानं भागलं नाही तर कुरिअरवाला फोन करतोच. जर्मनीत पत्र पोचवणारा माणूस फोन करत नाही. एका इमारतीत बारा बिऱ्हाडं असली तरी बहुतेक ठिकाणी घरांना नंबरसुद्धा नसतात. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि लेटरबॉक्सवरचं आडनाव, एवढ्यावर पत्र येतं. पेटीवर तुमचं नाव नसलं की ते पाठवणाऱ्याकडं परत जातं आणि तुम्हाला कळतही नाही.

इथलं शहर तुम्हाला फोन नंबरानं ओळखत नाही, पत्त्यानं ओळखतं. आपल्याकडं बँक, गॅस, रेशन, तिकीट सगळं मोबाईलला बांधलेलं. ओटीपी आला की काम झालं. इथं पहिल्या दोन महिन्यांतली जवळजवळ सगळी महत्त्वाची कामं कागदावर, पाकिटातून येतात. म्हणून खोलीची किल्ली हातात पडली की आधी पेटीवर आणि बेलच्या बटणाजवळ नाव लावा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, रोमन लिपीत. कर्नाटकातल्या काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो, सगळं नाव एकाच ओळीत असतं. अशा वेळी एक ऑफिस वडिलांचं नाव आडनाव धरतं, दुसरं तुमचंच. पेटीवर दोन्ही लिहा. चौघं मिळून घर घेतलं असेल तर चौघांची नावं हवीत. पाटी मालकाकडून येईपर्यंत छापील अक्षरांची चिठ्ठी चिकटपट्टीनं लावली तरी चालते, फक्त पावसात शाई उतरणार नाही असं बघा.

त्यानंतर पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. राहायला आल्यापासून 14 दिवसांत ती करायची असते. पासपोर्ट, व्हिसा, भरलेला फॉर्म आणि घरमालकाची सही असलेलं 'हा माणूस माझ्या घरी राहायला आला आहे' असं प्रमाणपत्र लागतं. नुसता भाडेकरार चालत नाही, आणि बऱ्याच जणांचं काम इथंच अडतं. मालक हे प्रमाणपत्र देणार का, हे खोली ठरवतानाच विचारा. 'राहा, पण नोंदणी करू नका' असं सांगणाऱ्याची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, कारण पुढचं सगळं ह्याच एका कागदावर उभं राहतं. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट लवकर मिळत नाहीत. संकेतस्थळावर सकाळी लवकर बघितलं तर रद्द झालेल्या वेळा सापडतात. अपॉइंटमेंट 14 दिवसांनंतरची मिळाली तर घेतल्याचा पुरावा जपून ठेवा.

निघण्याआधीचं थोडक्यात सांगतो, कारण आपल्या भागातली मुलं पुण्या-मुंबईच्या मित्रांना विचारून गोंधळतात. राहता पत्ता बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीचा असेल तर तुम्ही कर्नाटकातले. विद्यार्थी व्हिसाचा अर्ज बेंगळुरूच्या जर्मन वकिलातीच्या हद्दीत येतो, मुंबईच्या नव्हे. कोल्हापूरचा मित्र मुंबईच्या तारखा सांगेल, त्या तुम्हाला लागू नाहीत. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षणाचे कागद तपासून खरे असल्याचा दाखला, लागतो. राहण्याच्या खर्चासाठी बँकेत अडकवून ठेवायची रक्कम सप्टेंबर 2024 पासून वर्षाला 11,904 युरो, म्हणजे महिन्याला 992 युरो, अशी झाली. अर्ज करताना ताजा आकडा बघून घ्या. व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय आपल्या गावातच आहे, तेव्हा ट्रान्सक्रिप्टच्या जादा प्रती निघण्याआधी काढून ठेवा. इथून मागवताना घरच्यांची धावपळ होते.

नोंदणी झाली की पत्रं सुरू होतात. पहिलं येतं कर-ओळख क्रमांकाचं, 11 आकडी. हा आकडा जन्मभर एकच राहतो. अर्धवेळ काम मिळालं की तो काम देणाऱ्याला द्यावा लागतो, नाहीतर पगारातून कर जास्त कापला जातो. बँकेचं कार्ड एका पाकिटातून आणि त्याचा पिन दुसऱ्या पाकिटातून, वेगवेगळ्या दिवशी येतो. पिनचा कागद जाहिरात समजून फेकू नका.

मग एक पत्र असं येतं की नवी मुलं त्याला फसवणूक समजतात: रुंडफुंकबाइट्राग, रेडिओ-टीव्हीची वर्गणी. महिन्याला 18.36 युरो, तीन महिन्यांचे मिळून 55.08. घरात टीव्ही नसला तरी द्यावी लागते, कारण ती उपकरणावर नाही, घरावर आहे. एआरडी, झेडडीएफ आणि डॉइचलांडराडिओ ही सार्वजनिक प्रसारणं ह्याच पैशावर चालतात. एका घरात एकानं भरली की पुरे. बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा. हॉस्टेलमध्ये मात्र तुमच्या खोलीचं दार सरळ सामाईक कॉरिडॉरमध्ये उघडत असेल तर ती खोली स्वतंत्र घर धरली जाते. पत्राकडं दुर्लक्ष केलं तर रक्कम दंडासकट वाढत राहते आणि शेवटी वसुली होते. पैसे द्यायचेच आहेत तर त्याचा उपयोगही करा. एआरडी आणि झेडडीएफचं जुनं-नवं संकेतस्थळावर फुकट बघता येतं, खाली जर्मन अक्षरं लावता येतात. रविवारी रात्री 8:15 ला एआरडीवर 'टाटोर्ट' ही गुन्हे-तपासाची मालिका लागते, 1970 पासून. दर भागाला वेगळं शहर, तिथलेच पोलीस. सोमवारी कँटीनमध्ये लोक तिच्यावर बोलतात. घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी असं वाढलेल्या आपल्या पोरांचा कान तयार असतो, त्यांना ह्यातून जर्मन फार लवकर येतं असं माझं ठाम मत आहे.

सिनेमाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण इथं खरं नुकसान होतं. आपल्याकडं टॉरेंटवरून सिनेमा उतरवणं ही कुणाला चूकच वाटत नाही. जर्मनीत हक्कदारांचे वकील टॉरेंटच्या जाळ्यात कोणकोणते आयपी पत्ते आहेत ते टिपत असतात. टॉरेंट चालताना तुम्ही फाइल उतरवता तेव्हाच तिचे तुकडे दुसऱ्यांना पाठवतही असता. मुख्य आरोप त्या पाठवण्याचा, म्हणजे वाटपाचा असतो. 'फक्त बघा' म्हणणारी काही ॲप आतून टॉरेंटच वापरतात, त्यांनाही हेच लागू. काही आठवड्यांनी ज्याच्या नावावर इंटरनेट आहे त्याच्या पेटीत आबमानुंग, म्हणजे वकिलाचं ताकीदपत्र, येतं: शेकड्यांनी युरोची मागणी आणि सोबत सही करायचं हमीपत्र. सिनेमा तुम्ही उतरवला आणि वायफाय रूममेटच्या नावावर, तर पत्र त्याला. असं पत्र आलं तर दोन गोष्टी करू नका: ते फेकू नका, आणि सोबतच्या हमीपत्रावर आहे तशी सही करू नका, कारण ती हमी पुढं वर्षानुवर्षं बांधून ठेवते. मुदतीच्या आत विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेच्या कायदा सल्ल्याकडं किंवा फेरब्राउखरत्सेंट्रालेकडं, म्हणजे ग्राहक सल्ला केंद्राकडं जा. आणि येतानाच लॅपटॉपमधलं टॉरेंट काढून टाका. ते आपोआप सुरू होऊन जुन्या फाइली वाटत राहतं आणि माणसाच्या लक्षातही येत नाही.

थिएटरात जायचं असेल तर तिकीट काढताना शोच्या नावापुढची अक्षरं बघा. काही नसेल तर सिनेमा जर्मनमध्ये डब केलेला आहे, हॉलिवूडचासुद्धा. ओव्ही म्हणजे मूळ भाषेत, ओएमयू म्हणजे मूळ भाषा आणि खाली जर्मन अक्षरं. मराठी सिनेमा लागतो तो बहुधा मोठ्या शहरात, एखाद-दुसरा खेळ, आणि त्याची खबर महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवरच मिळते. बेळगावच्या मुलांनी कन्नड मंडळींच्या ग्रुपमध्येही नाव घालावं, तिकडं वेगळे खेळ, वेगळे सण आणि वेगळी मदत मिळते. दोन्हीकडं सहज मिसळता येणं हे आपलं सीमाभागाचं बळ आहे.

सगळ्या पत्रांत एक पाकीट वेगळं: पिवळं. ते कोर्टाकडून किंवा सरकारी खात्याकडून येतं. टाकणारा त्यावर तारीख लिहितो, आणि पेटीत पडलं की ते तुम्हाला मिळालं असंच कायदा धरतो, तुम्ही उघडा न उघडा. दंडाच्या आदेशावर हरकत घ्यायला त्या तारखेपासून दोन आठवडे असतात. पाकीटही टाकू नका, तारीख त्याच्यावरच आहे. सरकारी खात्याचं साधं टपाल 2025 पासून, टाकल्याच्या चौथ्या दिवशी पोचलं असं धरलं जातं, पूर्वी तो तिसरा दिवस होता. म्हणून गणपतीला महिनाभर गावी जाताना पेटीची किल्ली भरवशाच्या माणसाकडं द्या. आठवड्यातून एकदा पाकिटांचे फोटो पाठवायला सांगा, पिवळं दिसलं तर लगेच उघडायला सांगा. घर बदललं तर पुन्हा 14 दिवसांत नवी नोंदणी आणि टपाल पुढं पाठवायचा अर्ज, म्हणजे नाखझेंडेआउफट्राग. तो किमान 6 महिन्यांसाठी करता येतो.

प्रवासाला फाटक नाही, कंडक्टर नाही, पण तपासनीस साध्या कपड्यांत चढतात. विनातिकीट सापडलात तर 60 युरो. देशभरच्या बस, ट्राम, मेट्रो आणि साध्या गाड्यांना चालणारं डॉइचलांडटिकेट मे 2023 ला 49 युरोंना सुरू झालं, 2025 ला 58 झालं आणि जानेवारी 2026 पासून 63 आहे. आयसीई, आयसी अशा जलद गाड्यांत ते चालत नाही. ते आपोआप दर महिन्याला चालू राहतं. पुढच्या महिन्याला नको असेल तर ह्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत बंद करावं लागतं. विद्यापीठाच्या फीमध्ये तिकीट आधीच धरलेलं असतं का, ते बघून मगच घ्या.

आता आपला भारतातला नंबर. बँक, आधार, पॅन सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात, तेव्हा तो रिचार्ज करून जिवंत ठेवणं घरच्यांचं काम. बेळगाव सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, इथून ते सुरू करायला ओटीपी लागतो आणि ओटीपी यायला रोमिंग. सिम घरी आईच्या फोनमध्ये ठेवून तिच्याकडून आकडे विचारत बसू नका. इथं पहाटे अर्ज भरताना तिथं सकाळच्या कामाची गडबड असते, आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही हे तिला आपणच शिकवलेलं असतं. दोन सिमचा फोन घ्या, भारताचं कार्ड आत ठेवा, त्याचा डेटा बंद करा. रिचार्जची तारीख घरी कॅलेंडरवर लिहून ठेवा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत इथलं घड्याळ साडेतीन तास मागं, हिवाळ्यात साडेचार तास.

घरातल्या सवयींपैकी खिडकीची सवय आधी लावा. हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पूर्ण उघडून 5 ते 10 मिनिटं ठेवायच्या, हीटर बंद करून. खिडकी दिवसभर फटीएवढी उघडी ठेवली तर भिंती गार पडतात आणि वाफ तिथंच बसते. भात, डाळ, आतच वाळत घातलेले कपडे ह्यांची वाफ बाहेर गेली नाही तर कोपऱ्यात काळी बुरशी येते आणि खोली सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. झोपायच्या खोलीत छताला धुराचा अलार्म असतो, त्याच्या खाली धूप किंवा अगरबत्ती नको. घरून आणलेला मिक्सर चालतो, वीज 230 व्होल्टचीच आहे, फक्त तीन पिनांना ॲडॉप्टर लागतो. ॲल्युमिनियमचा कुकर मात्र इंडक्शन शेगडीवर तापत नाही. लोहचुंबक बुडाला चिकटतो का बघून स्टीलचा आणा. मिक्सर रविवारी आणि रात्री 10 नंतर लावू नका. आरती टाळ-झांजांसकट करायची तर संध्याकाळी करा, शेजाऱ्यांच्या दाराला आधी चिठ्ठी लावा. मग बहुतेक कुणी हरकत घेत नाही.

घरच्यांना पार्सल पाठवायचं असतं, तेव्हा हे नीट वाचा. युरोपीय संघाबाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, बॅगेतून आणि टपालानंही. कुंदा खव्याचा, म्हणून तो नको. पेढे नकोत, घरचं तूप नको. कढीपत्ता आणि ताजी भाजी प्रमाणपत्राशिवाय चालत नाही, नारळ आणि केळी चालतात. कांदा-लसूण मसाला, चटण्या, पोहे, वाळवलेल्या मिरच्या चालतात. पार्सलवर नुसतं 'घरचे पदार्थ' लिहिलं की कस्टमवाले ते थांबवून कागद मागवतात, म्हणून प्रत्येक वस्तूचं नाव, वजन आणि किंमत इंग्रजीत वेगवेगळी लिहा. खाजगी माणसानं खाजगी माणसाला पाठवलेली भेट 45 युरोपर्यंत करमुक्त आहे. त्यापेक्षा जास्त किमतीचं असेल तर एकाच दिवशी सगळं पाठवू नका, काही आठवड्यांच्या अंतरानं दोन पार्सलं करा. मसाला दुहेरी पिशवीत बांधून डब्यात ठेवा. नुसत्या पिशवीतला मसाला विमानात फुटतो आणि सगळ्या कपड्यांना वास लागतो.